जुनी सायकल सातासमुद्रापार

सायकल परदेशी पाठवण्याचा खर्च तिच्या वजनापेक्षा ती किती जागा अडवते यावर ठरतो. रॉड ब्रेकची साधी काळी सायकल वीस-बावीस किलोची असते, गिअरची प्रवासी सायकल बारा ते पंधरा किलोची. एवढ्याच वजनाचे तांदळाचे पोते विमानाच्या सामानात बिनबोभाट जाते. सायकल अडते, कारण नळ्या आणि आरे सोडले तर ती बहुतांशी मोकळी जागाच असते आणि त्या जागेचेही भाडे भरावे लागते. जुन्या सायकलीचा पेच आणखी वेगळा. तिला गावच्या बाजारात दोन-चार हजार रुपये आले तरी पुष्कळ, आणि वाहतुकीचा पहिलाच अंदाज याच्या कितीतरी पट निघतो. म्हणून भाव विचारत फिरण्याआधी खोके किती लहान करता येईल, हे पाहणे शहाणपणाचे.

गिअरची नवी सायकल दुकानात ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून येते, ते साधारण १४० सेंटीमीटर लांब, ८० उंच आणि २० रुंद असते. तिन्हींचा गुणाकार २,२४,००० घन सेंटीमीटर. आंतरराष्ट्रीय कुरिअर कंपन्या सहसा या आकड्याला ५,००० ने भागतात आणि जे येईल ते किलो धरतात. इथे ते ४४.८ किलो येते. हवाई मालवाहतुकीत भाजक ६,००० असतो, तेव्हा ३७.३ किलो. खऱ्या काट्यावरचे वजन आणि हे हिशेबी वजन यांपैकी जे जास्त, त्यावर पैसे. पंधरा किलोची सायकल कुरिअरने पाठवणारा माणूस जवळजवळ तीस किलो हवेचे भाडे भरतो.

नवे खोके म्हणजे अर्धवट सोडवलेली सायकल. पुढचे चाक काढलेले, हँडल वळवलेले, बाकी जोडलेले. दोन्ही चाके, चिमटा, हँडल, सीट आणि पायडल काढले, चाके सांगाड्याच्या दोन बाजूंना बांधली की तीच सायकल ११० × ७० × २५ सेंटीमीटरच्या खोक्यात बसू शकते. कुरिअरच्या हिशेबाने हे ३८.५ किलो. बचत फार मोठी दिसत नाही, पण टपालाचे दार याच मापाला उघडते, आणि ते पुढे येईल.

हे काम गावाकडच्या मिस्त्रीला शिकवावे लागत नाही. काळ्या सायकली दुकानदाराकडे बहुधा सुट्या भागांतच येतात. सांगाडे एकत्र बांधलेले, रिंगा वेगळ्या, आरे वेगळे. चाक विणण्यापासून सगळी जोडणी मिस्त्री करतो. परदेशी पाठवताना त्याला हेच उलट्या क्रमाने करायचे असते. अडचण येते ती गंजलेल्या भागांची. जुन्या सायकलीचे क्रँक कॉटर पिनने बसवलेले असतात आणि दहा पावसाळे खाल्लेली पिन हातोडीशिवाय निघत नाही. सीटचा दांडा आणि हँडल सांगाड्यात धरून बसतात. आदल्या दिवशी तेल सोडून ठेवले तर सुटतात. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, हे विसरून जोर लावला की आटे खाल्ले जातात आणि क्रँक बदलावा लागतो. सोडवताना प्रत्येक सांध्याचा फोटो काढणे आणि नट-बोल्ट ज्या त्या भोकात परत हाताने फिरवून ठेवणे एवढी काळजी घेतली तर पलीकडे अनोळखी माणूसही सायकल जोडू शकतो. चिमटा काढून चाकाच्या जागी प्लायवूडचा नाहीतर प्लास्टिकचा तुकडा अडकवावा, म्हणजे वरून भार आला तरी तो दबत नाही. मागच्या बाजूलाही तसेच करावे.

डहाणू तालुक्यातल्या कैनाडसारख्या गावाहून निघालेल्या सायकलीला समुद्राआधी मुंबई गाठावी लागते. डहाणू रोड हे पश्चिम रेल्वेच्या उपनगरी सेवेचे उत्तरेचे टोक. एप्रिल २०१३ पासून लोकल तिथवर येते. चर्चगेट तिथून सुमारे सव्वाशे किलोमीटर. गर्दीच्या वेळी सायकलीचे खोके घेऊन लोकलमध्ये शिरण्याचा विचारही करू नये. दुपारच्या गाडीचा मालडबा किंवा लांब पल्ल्याच्या गाडीत पार्सल म्हणून नोंदणी, हे दोन मार्ग उरतात. पूर्वेला मुंबई-अहमदाबाद महामार्ग चारोटी आणि तलासरीवरून गुजरातेत जातो. त्यावर मालाच्या परतीच्या गाड्या चालतात आणि ओळखीच्या टेम्पोत एका खोक्याला जागा मिळणे अवघड नसते. कुरिअरपुरते बोलायचे तर मुंबईपर्यंत जाण्याचीही गरज नाही. बोईसरला तारापूरची औद्योगिक वसाहत आहे, उत्तरेला वापी आहे. परदेशी माल नेणाऱ्यांची ये-जा दोन्हीकडे नेहमीची. रिकामे खोकेही तिथल्या सायकलच्या दुकानांत मागितले तर बहुधा फुकट मिळते. काळ्या सायकली विकणाऱ्या लहान दुकानात ते मिळणार नाही, कारण त्या सायकली खोक्यातून येतच नाहीत.

सर्वांत स्वस्त मार्ग सर्वांत जुनाही आहे: सायकल प्रवाशाबरोबर जाणे. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर जगप्रवासाला निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून १८ मार्च १९२८ रोजी परतले. जमिनीवर सायकलने माणसाला नेले आणि समुद्रावर बोटीने दोघांना. पुढे बोटीची जागा विमानाने घेतली. २०१५ मध्ये नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे बंधू 'रेस अॅक्रॉस अमेरिका' ही सायकलशर्यत पूर्ण करून आले. २०१७ मध्ये नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकट्याने पूर्ण केली. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने २०१८ मध्ये सुमारे २९,००० किलोमीटरची जगप्रदक्षिणा केली. त्यात खंड बदलताना सायकल विमानातूनच गेली. दर चार वर्षांनी होणाऱ्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या १,२०० किलोमीटरच्या सायकलयात्रेला मुंबई, पुणे, नाशिकचे सायकलस्वार जातात. त्यांच्यामुळे सायकल विमानाने कशी न्यावी याचे बरेच ज्ञान आता मराठीत तोंडी फिरते आहे. सायकल क्लबमध्ये जाऊन विचारले की अर्धी शंका तिथेच मिटते.

विमानाच्या सामानाचा नियम दोन मापांचा असतो. वजन बहुधा नगामागे २३ किलो, आणि लांबी-रुंदी-उंचीची बेरीज १५८ सेंटीमीटर. मोठ्या खोक्याची बेरीज २४० होते, लहानाची २०५. म्हणजे सायकल कशीही बांधली तरी मापाबाहेर जाते. मात्र बहुतेक कंपन्या क्रीडासाहित्यासाठी वेगळा नियम ठेवतात. काही कंपन्या सायकल नेहमीच्या सामानात धरतात आणि फक्त वजन पाहतात, काही ठरावीक रक्कम घेतात, काही जादा नग आणि जादा आकार असे दुहेरी पैसे लावतात. त्यामुळे सायकल न्यायची असेल तर तिकीट काढण्याआधी हा नियम वाचावा. हजार-दोन हजारांनी स्वस्त तिकीट सायकलीच्या भाड्यात महाग पडते. मधे विमान बदलताना कंपनीही बदलत असेल तर कोणाचा नियम लागू होणार हे लेखी मागून घ्यावे. एका नगाचे वजन ३२ किलोच्या पुढे गेले तर ते प्रवासी सामान म्हणून सहसा स्वीकारतच नाहीत. उचलणाऱ्या कामगारांच्या पाठीचा तो प्रश्न आहे.

अमेरिका-कॅनडाला शिकायला जाणाऱ्यांना बऱ्याच कंपन्या २३ किलोचे दोन नग देतात. त्यांतला एक नग सायकलीचा करून उरलेल्या जागेत कपडे कोंबायचे ही युक्ती चालते, कारण कपड्यांनी सांगाडाही सुरक्षित राहतो. काळी सायकल मात्र इथे अडते. बावीस किलोची सायकल आणि वर खोक्याचे वजन, मर्यादा ओलांडलीच. स्टँड, कॅरिअर, चेनकव्हर, मडगार्ड घरी ठेवले तरच ती बसते. विजेवर चालणाऱ्या सायकलीचा तर विषयच निघत नाही: १६० वॉट-तासांपेक्षा मोठी लिथियम बॅटरी प्रवासी विमानात चालत नाही आणि अशा सायकलींच्या बॅटऱ्या सहसा त्याहून मोठ्याच असतात. दिव्यांच्या सुट्या लहान बॅटऱ्या हातातल्या पिशवीत न्याव्या लागतात.

स्वतः प्रवास न करता सायकल पाठवायची असेल तर पहिला विचार टपालाचा करावा. टपाल खाते खोक्याची लांबी आणि त्याभोवतीचा घेर यांची बेरीज पाहते. १८७४ मध्ये स्थापन झालेल्या आणि भारत १८७६ पासून सदस्य असलेल्या जागतिक टपाल संघाने पार्सलासाठी मापांचे तीन वर्ग ठरवले आहेत: दोन मीटर लांबी आणि तीन मीटर बेरीज, दीड मीटर लांबी आणि तीन मीटर बेरीज, किंवा १.०५ मीटर लांबी आणि दोन मीटर बेरीज. आता ११० × ७० × २५ च्या खोक्याचा हिशेब करावा. घेर म्हणजे सत्तर आणि पंचवीसच्या बेरजेची दुप्पट, १९०. त्यात लांबी ११० मिळवली की बरोबर ३००. खोके नखभरही फुगता कामा नये. १४० सेंटीमीटरचे दुकानातले खोके याच हिशेबाने ३४० होते आणि टपालाच्या खिडकीवरून परत येते. काळ्या सायकलीचे २८ इंची चाक टायरसह ७१ सेंटीमीटर भरते. तिचे खोके ७२ उंच करून रुंदी २३ वर आणावी लागते. हवा सोडून टायर काढले तर थोडी सवड मिळते. तिसऱ्या वर्गाचे माप लागू असेल तर मात्र नाद सोडावा. ७० × ७० × १० सेंटीमीटरच्या पुठ्ठ्यात बांधलेल्या एका चाकाची बेरीजही २३० होते.

वजनाचीही अट आहे. टपाल संघाच्या नियमांत पार्सलाची कमाल मर्यादा साडेएकतीस किलो असली तरी अनेक देश वीस किलोवर थांबतात. तेव्हा सायकल दोन पार्सलांत विभागणे हा उपाय उरतो: एकात सांगाडा, दुसऱ्यात चाके. दर पहिल्या टप्प्याला जास्त आणि पुढच्या प्रत्येक टप्प्याला कमी असा असल्याने दोन पार्सले एकापेक्षा थोडी महाग पडतात, तरी कुरिअरपेक्षा स्वस्त राहण्याची शक्यता मोठी, कारण मापाच्या आत बसलेल्या पार्सलाला टपाल सहसा काट्यावरचे वजन लावते. सीएन २३ या सीमाशुल्क फॉर्मवर दोन्हीकडे 'वापरलेल्या सायकलीचे सुटे भाग, दोनपैकी पहिले, दुसरे' असे स्पष्ट लिहावे. लहान टपाल कार्यालयात हा फॉर्म वारंवार लागत नाही. तिथल्या कारकुनालाही तो शोधावा लागतो. त्यापेक्षा डहाणूच्या किंवा पालघरच्या मोठ्या कार्यालयात आधी चौकशी करून, खोके उघडे नेऊन, तिथेच बंद करणे सोयीचे. टपालाचा भरवसा राजकारणावरही अवलंबून असतो. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या मालाची करमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून काढली, तेव्हा भारतीय टपाल खात्याने त्याआधीच, २५ ऑगस्टपासून, तिकडचे बहुतेक टपाल थांबवले होते. ते ऑक्टोबरच्या मध्यास पुन्हा सुरू झाले.

कुरिअरविषयी फार लिहिण्यासारखे नाही. ते जलद आहे, खोके घरून उचलले जाते, माग लागतो आणि जुन्या सायकलीसाठी ते जवळजवळ कधीच परवडत नाही. वाटाघाटीला वाव असतो तो दलालाकडे. थेट कंपनीच्या दरापेक्षा वापी-मुंबईतल्या दलालांचा दर कमी असतो, कारण ते महिन्याला शेकडो खोकी एकत्र देतात. विचारताना वजन सांगू नये, तिन्ही मापे सांगावीत. नाहीतर फोनवर सांगितलेला दर आणि बिल यांत दुपटीचा फरक पडतो आणि भांडायला जागा राहत नाही.

जहाज सर्वांत स्वस्त, ही समजूत अर्धीच खरी आहे. समुद्रभाडे स्वस्त असते. एका सायकलीचे खोके ०.२२४ घनमीटरचे, पण सामायिक कंटेनरात माल घेणारे सहसा किमान एका घनमीटरचे पैसे लावतात. त्यावर बंदरातली हाताळणी, गोदाम, कागदपत्रे, आणि पलीकडच्या बंदरात पुन्हा हेच सगळे. या आकारण्या खोके एक असो वा दहा, साधारण तेवढ्याच. भाडे स्वस्त सांगणारा दलाल पलीकडच्या खर्चाबद्दल गप्प असतो आणि सायकल सोडवून घेणाऱ्याला तो बंदरावर कळतो. म्हणून दोन्ही टोकांचा मिळून दर लेखी मागावा.

भौगोलिक जवळीक इथे कामी येत नाही. डहाणू तालुक्याच्याच किनाऱ्यावर वाढवण इथे ७६,२२० कोटी रुपयांच्या बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. तलासरीपलीकडे उंबरगाव तालुक्यात टुंब इथे कंटेनर डेपोही आहे. पण डेपो आणि बंदरे भरलेल्या कंटेनरांचा व्यवहार करतात. सुट्या एका खोक्याला तिथे कोणी विचारत नाही. ते उरणजवळच्या गोदामात जाऊन, इतरांच्या मालाबरोबर कंटेनर भरेपर्यंत थांबून, न्हावा शेवा बंदरातून निघते. बंदर दारात आले तरी हा फेरा चुकेल असे मानण्याचे कारण नाही.

जहाज खरोखर परवडते ते सोबतीने. कुटुंब कायमचे परदेशी जात असेल आणि घरसामान जहाजाने निघत असेल, तर त्यात सायकलीचा खर्च नगण्य. भांड्यांच्या खोक्यांमध्ये उरलेल्या फटीत ती बसते. ओळखीतले कोणी असे स्थलांतर करत असेल तर त्यांच्या सामानात सायकल देता येते, मात्र ती त्यांच्या यादीत त्यांची म्हणून लागते आणि जबाबदारीही त्यांचीच होते. दुसरी सोबत सायकलींचीच. अमेरिकेतली १९९१ मध्ये सुरू झालेली 'पेडल्स फॉर प्रोग्रेस' किंवा इंग्लंडमधली 'री-सायकल' यांसारख्या संस्था जुन्या सायकली गोळा करून गरीब देशांत पाठवतात. पायडल काढून, हँडल वळवून, खोक्याविना एकमेकींत अडकवल्या की चाळीस फुटी उंच कंटेनरात चारशे-साडेचारशे सायकली मावतात. कंटेनराची आतली जागा सुमारे ७६ घनमीटर. म्हणजे सायकलीमागे ०.१७ ते ०.१९ घनमीटर, आणि बंदराच्या सगळ्या आकारण्या चारशेंवर वाटलेल्या. तरीही अशा संस्था देणगीदाराकडून सायकलीबरोबर वाहतुकीसाठी थोडी रक्कम मागतात. असा कंटेनर भारतात मात्र सहज येऊ शकत नाही, कारण वापरलेल्या वस्तूंच्या आयातीला इथे परवानगी लागते.

सायकल जिथे उतरणार त्या देशाला तिच्या किमतीइतकीच तिच्या चिखलाचीही चिंता असते. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या बाबतीत कडक आहेत. टायरच्या खाचांतली माती, मडगार्डच्या आतली बी, चेनमध्ये अडकलेले गवताचे कुसळ, एवढ्यावरून सायकल अडकते. स्वच्छतेचा खर्च मालकाकडून घेतला जातो, नाहीतर माल परत धाडला किंवा नष्ट केला जातो. भातखाचरांच्या बांधावरून आणि चिकूच्या वाड्यांतून फिरलेल्या सायकलीला या नियमांत बसवण्यासाठी घासूनपुसून धुवावे लागते: आधी सुकी माती ब्रशने, मग डिझेल किंवा रॉकेलने चेन आणि फ्रीव्हील, मग साबणाचे पाणी, पूर्ण वाळल्यावर पातळ तेल. जाड ग्रीस चोपडू नये. त्याला धूळ चिकटते आणि खालची माती लपवल्याचा संशय येतो. पावसाळ्यात बांधलेल्या खोक्यात ओल अडकते. जहाजाच्या कंटेनरात उष्ण-थंड हवेने आतून पाणीही सुटते, म्हणून सुट्या भागांना प्लास्टिक आणि ओल शोषणाऱ्या पुड्या हव्यात.

बांधणीत भाताचा पेंढा वापरण्याचा मोह गावाकडे साहजिक, पण तोही याच कारणाने चालत नाही. चिकूच्या जुन्या लाकडी पेटीचेही तसेच. कच्च्या लाकडाच्या वेष्टनाला 'आयएसपीएम १५' हा आंतरराष्ट्रीय नियम लागू आहे. लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटे तापवलेले किंवा अन्य मान्य प्रक्रिया केलेले हवे आणि त्यावर गव्हाच्या लोंबीचा शिक्का हवा. शिक्का नसेल तर आतली सायकल निर्दोष असूनही खोके अडते. प्लायवूडला ही अट नाही, आणि दुहेरी पुठ्ठा तर सगळ्यांत बरा.

भारतातून सायकल बाहेर नेण्याचे कागद तुलनेने सोपे आहेत. व्यक्तिगत वापराची, व्यापाराशी संबंध नसलेली वस्तू पाठवायला आयात-निर्यात परवाना क्रमांक लागत नाही. भेट म्हणून वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या वस्तू पाठवण्याची मुभा परकीय व्यापार धोरणात होती. पाठवणाऱ्याचे ओळखपत्र, सायकलीचे वर्णन, सांगाड्यावरचा क्रमांक आणि किंमत एवढे लागते. क्रमांक बहुधा क्रँकचा आस ज्यातून जातो त्या नळीच्या (बॉटम ब्रॅकेटच्या) खालच्या बाजूला ठोकलेला असतो आणि जुन्या सायकलीवर रंगाखाली गेलेला असतो; तो घासून वाचावा आणि फोटो ठेवावा. बिल हरवले असेल तर जुन्या बाजारात जी किंमत येईल ती प्रामाणिकपणे लिहावी. कमी लिहून कर वाचवणाऱ्याला नुकसान झाल्यावर विमाही तेवढ्याच किमतीचा मिळतो.

पलीकडचा कर देशागणिक बदलतो. व्यक्तीने व्यक्तीला पाठवलेल्या भेटीला युरोपीय संघ ४५ युरोपर्यंत आणि ब्रिटन ३९ पौंडांपर्यंत माफी देतात. जुन्या काळ्या सायकलीची खरी किंमत या मर्यादेच्या आसपास असते, गिअरच्या सायकलीची नसते. राहायला जाणाऱ्याला वेगळी सवलत आहे: बारा महिने युरोपीय संघाबाहेर राहिलेल्या आणि वस्तू किमान सहा महिने वापरलेल्या माणसाला ती आपल्या सामानात विनाशुल्क नेता येते. इथे सायकल जुनी असणे हाच फायदा ठरतो. चिनी बनावटीच्या नव्या सायकलींवर युरोपात १९९३ पासून जादा शुल्क आहे आणि ते ४८.५ टक्क्यांपर्यंत जाते. म्हणून सायकल लुधियानाची असेल तर फॉर्मवर उत्पादक देश भारत असे लिहायला विसरू नये.

सायकल प्रवासापुरती नेऊन परत आणायची असेल तर जाताना विमानतळावरच सीमाशुल्क अधिकाऱ्याला ती दाखवून निर्यात प्रमाणपत्र घ्यावे. त्यात सांगाड्याचा क्रमांक आणि वर्णन नोंदवले जाते, आणि परतताना ती परदेशात विकत घेतली असे धरून शुल्क लागत नाही. हे काम सामान देण्याच्या खिडकीआधी करायचे असते, कारण खोके एकदा पट्ट्यावर गेले की दाखवायला काही उरत नाही. त्यासाठी खोके उघडता आणि पुन्हा बंद करता यायला हवे. चिकटपट्टीचा एक जादा गुंडाळा आणि अॅलन की हाताशी ठेवावी, पाना मात्र खोक्यातच.